लाख्याच्या खुरावरचा काप

कोरड्या पठारावरच्या एका धनगरवस्तीत एकदा एक वृद्ध मेंढपाळ राहत होते. त्यांचे खरे नाव फार थोड्यांना आठवत असे. लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणत. मेंढीचा पाय गुडघ्यावर घेऊन, खूर नाकाजवळ नेऊन, नुसत्या वासावरून ते रोग सांगत. काटा मोडला आहे, दगड लागला आहे, की चिखल्या झाल्या आहेत. पावसाळ्यात माणसांच्या बोटांतही चिखल्या होतात, पण मेंढीच्या खुरातला हा रोग त्याहून फार क्रूर असतो. ओलीत सतत उभे राहून खुराच्या बेचक्यात कूज धरते, खुराचे कवच आतून सुटू लागते आणि एका मेंढीचे दुखणे पंधरवड्यात साऱ्या कळपाला लागते. पुढच्या पायांना चिखल्या झालेली मेंढी उभी राहून चरू शकत नाही. ती गुडघे टेकून चरते.

धुळाप्पा नावाचा एक गृहस्थ आबांकडे बारा वर्षे ही विद्या शिकत होता. वय पस्तिशीचे, हात कुशल, बोलणे मृदू. आबांची दृष्टी आता मंदावली होती आणि दसऱ्यानंतर बिरोबाच्या देवळापुढे वस्तीची बैठक बसेल तेव्हा खुरे कापायचा आपला चाकू ते धुळाप्पाच्या हाती देणार, हे सर्वांना ठाऊक होते. चाकू साधाच, बोटभर पात्याचा. परंतु तो ज्याच्या हाती, त्याच्या शब्दावर पंचक्रोशीतले कळप चालत.

आबांचा एक नियम होता. आजारी कळपातून निघताना पाय आणि चाकू मोरचुदाच्या निळ्या, रोग मारणाऱ्या पाण्याने धुवायचे, आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्याही वाड्यात, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, पाऊल टाकायचे नाही. धुळाप्पाने बारा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. म्हणूनच ज्या दिवशी तो मोडला, त्या दिवशी कोणाच्या मनात शंकाही आली नाही.

त्या वर्षी पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. खालच्या गावात एका कळपाला चिखल्या झाल्या होत्या आणि धुळाप्पा दिवसभर तिथे गुडघाभर चिखलात बसून खुरे तासत होता. परतताना झड सुरू झाली. घरी जाऊन धुऊ, असे म्हणून तो तसाच निघाला. वाटेत बाणाक्काचा वाडा लागला.

ही बाणाक्का सासरहून कायमची परत आलेली बाई. बापाने तिला सात मेंढ्या दिल्या तेव्हा तिचे भाऊ हसले होते. सातांच्या तिने एक्केचाळीस केल्या, त्याही एकटीने. तिचा वाडा इतका स्वच्छ असे की वस्तीतले लोक गमतीने म्हणत, हिच्या वाड्यात जेवायला बसावे. त्या दिवशी दूरच्या तालुक्यातून दोन पाहुणे तिचा एडका, कळपातला नर मेंढा, बघायला आले होते. लाखेच्या रंगाचा, रुंद छातीचा तो एडका, लाख्या, हा तिचा सारा अभिमान होता.

तिने धुळाप्पाला वाटेवरून जाताना पाहिले आणि हाक दिली. "दादा, जरा या की. लाख्याचं एक खूर वाढलंय. पाव्हण्यास्नी बी बघू द्या तुमचा हात."

धुळाप्पा थांबला. त्याला नियम आठवला. तो कधी विसरलाच नव्हता. परंतु पाहुणे कौतुकाने बघत होते, आणि "आज मी आजारी कळपातून आलोय, आत येत न्हाय" असे म्हणून पावसात पुढे जाणे त्याला त्या क्षणी काहीसे ओशाळवाणे वाटले. तो आत गेला. पाण्याची घागर वाड्याच्या दुसऱ्या टोकाला होती. त्याने चाकू धोतराला पुसला, लाख्याचा डावा पुढचा पाय मांडीवर घेतला आणि वाढलेले कवच तीन कापांत इतके सफाईने उतरवले की पाहुण्यांच्या तोंडून वाहवा निघाली. शेवटचा काप थोडा खोल गेला. रक्ताचा एक ठिपका आला. त्याने तो अंगठ्याने दाबला आणि पाय खाली सोडला.

बारा दिवसांनी लाख्या लंगडू लागला. त्यानंतर आठवड्याभरात निम्मा कळप.

बाणाक्का आबांकडे धावत आली. आबांनी तिचे सगळे ऐकून घेतले आणि धुळाप्पाला म्हणाले, "तू जा. बरा हुईस्तोवर त्यो कळप तुजा."

धुळाप्पाला वाड्यात शिरताच त्याच्या ओळखीचा तो गोडसर, कुजका वास आला. त्याने एकेक खूर पाहिले. शेवटी लाख्याचा पाय उचलला. जिथे त्याचा काप खोल गेला होता, तिथूनच कूज आत गेली होती. कापाची ती धार कुणालाही ओळखता आली असती. निदान ज्याने त्याला कापायला शिकवले, त्याला तरी नक्कीच. त्याने पाय हळूच खाली ठेवला.

"कशानं झालं वो दादा?" बाणाक्काने विचारले.

"ओल," तो म्हणाला. "औंदा ओलच लई हाय."

एवढे तो बोलला. पुढचे सारे त्या एका शब्दातून झाले. बाणाक्काला आठवले की मागच्या पंधरवड्यात एका संध्याकाळी तिला झोप लागली होती आणि कळप तासभर ओढ्याकाठच्या ओलीत उभा होता. दोष आपला, हे तिने मनाशी ठरवून टाकले. त्या दिवसापासून तिने वाडा दोनदा हलवला. पहाटे उठून ती जमीन झाडी, राख टाकी, पुन्हा झाडी. तिच्या तळहातांना फोड आले. वस्तीतही बोलणे सुरू झाले. वाडा वरून झाडलेला दिसतो, आत काय असेल कोण जाणे. एकट्या बाईला एवढा कळप झेपतो का. मग वस्तीच्या कारभाऱ्याने निरोप धाडला की बाणाक्काने आपली मेंढरे सामाईक पाणवठ्यावर आणू नयेत. निरोप योग्यच होता; रोग पसरता कामा नये. परंतु निरोप घेऊन आलेला माणूस तिच्या दारातून परतताना थुंकला, ते योग्य नव्हते.

चौथ्या दिवशी तिने लाख्याला दोरी लावली.

"ह्योच पहिल्यांदा लंगडला," ती धुळाप्पाला म्हणाली. "ह्याच्यापास्नंच बाकीच्यास्नी लागलं. बाजारात न्हेते. खाटीक घेईल. ह्यो गेला तर ऱ्हायलेल्या तरी वाचतील."

धुळाप्पाला ठाऊक होते की लाख्या बरा होणार आहे. खूर नीट तासून, मोरचुदाच्या पाण्यात उभा करून, कोरड्या जागी बांधला तर तीन आठवड्यांत तो धावला असता. हे एवढेच सांगायचे होते. त्यासाठी आपला गुन्हा कबूल करण्याचीही गरज नव्हती. तो दुसऱ्या मेंढीचा पाय धरून बसला होता. त्याने मान वर केली नाही. लाख्या तीन पायांवर उड्या घेत तिच्यामागून गेला, आणि तो वळणाआड दिसेनासा झाला तेव्हा धुळाप्पाच्या छातीतून एक श्वास सुटला. तो सुटकेचा श्वास होता. त्या खुराबरोबर तो कापही गेला होता.

माणसाला आपली चूक सहन होते. चुकीनंतर आपल्याला बरे वाटले, हे सहन होत नाही. त्या श्वासाची आठवण धुळाप्पाला झोपू देईना.

तो बाणाक्काच्या कळपासाठी राबू लागला, सांगितले होते त्याच्या दुप्पट. सकाळी सर्वांच्या आधी येई. लोखंडी घमेल्यात मोरचूद कालवी, एकेक मेंढी त्यात उभी करी, खुरे तासून हळद आणि करंजाचे तेल लावी, कोरड्या मुरमाच्या जागेवर नेऊन सोडी. बाणाक्का त्याला दुपारी भाकरी देई. स्वतःच्या ताटातले दही त्याच्या पुढ्यात ठेवी. एकदा ती म्हणाली, "दादा, पाठच्या भावांनी केलं न्हाय एवढं तुम्ही केलंसा." त्याने हातातला घास ताटात ठेवला. पाणी पिण्याच्या निमित्ताने तो उठून गेला.

त्या संध्याकाळी तो आबांकडे गेला. आबा ओट्यावर लोकर विंचरत होते.

"आबा, मला एक सांगायचंय. बाणाक्काच्या कळपाचं."

आबांनी फणी खाली ठेवली. त्याच्याकडे पाहिले. मग उठले आणि एक शब्द न बोलता आत गेले. कवाड ओढून घेतल्याचा आवाज आला.

बारा वर्षांत आबांनी धुळाप्पाचे कोणतेही बोलणे अर्धवट तोडले नव्हते. दोन दिवस त्याने कसेबसे काढले आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो पुन्हा गेला. या वेळी त्याने काही प्रस्तावना केली नाही. सरळ आबांच्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाला, "आबा, माज्या हातून..."

आबांनी दोन्ही पाय मागे ओढून घेतले आणि, एखादे हट्टी पोर ठेवते तसे, दोन्ही कानांवर हात ठेवले.

"मला ऐकू येत न्हाय," ते म्हणाले.

माळाच्या पलीकडच्या टोकाला ओरडणारे कोकरू कोणाचे, हे त्या कानांना समजत असे. धुळाप्पा उठला. आपण गुरूंच्या मनातून कायमचे उतरलो, असे त्याला वाटले. त्यांना सारे ठाऊक आहे आणि आपले तोंडही त्यांना पाहायचे नाही. तो घराकडे निघाला आणि चालता चालता त्याच्या लक्षात आले की आपले पाय घराकडे वळलेलेच नाहीत.

बाणाक्का वाड्यात एका मेंढीला उताणी धरून एकटीच तिचे खूर तासत होती. त्याचे बघून बघून तिने बरेच उचलले होते. तो कुंपणाबाहेरच थांबला.

"बाणाक्का, ओल न्हवती," तो म्हणाला. "म्या आणलं. त्या दिशी खालच्या गावच्या आजारी कळपातनं आलो हुतो. चाकू धुतला न्हाय. लाख्याच्या पायाला त्योच लावला."

तिचा हात थांबला. मेंढी सुटून उठली आणि लंगडत कळपात गेली.

"पाव्हणं बघत हुतं तवा?"

"व्हय."

"म्या तुमास्नी बलावलं म्हणून?"

"न्हाय. तू बलावलंस त्यात तुजं काय न्हाय. मला ठाऊक हुतं. ठाऊक असून आलो."

तिने स्वतःच्या फोड आलेल्या तळहातांकडे पाहिले. मग ती म्हणाली, "लाख्याला न्हेलं त्या दिशी तू हितंच हुतास."

"व्हय."

"त्यो बरा झाला असता, ठाऊक हुतं तुला?"

धुळाप्पाने मान डोलावली. तेवढ्यावर भागेल असे त्याला क्षणभर वाटले. पण भागणार नव्हते, म्हणून तो बोलला. "ठाऊक हुतं. मी गप ऱ्हायलो. आन त्यो गेल्यावर मला बरं वाटलं. त्याच्या खुरावर माजा काप हुता."

बाणाक्का रडली नाही, ओरडलीही नाही. तसे झाले असते तर त्याला कदाचित सोपे गेले असते. ती म्हणाली, "सतरा दिस मी जमीन झाडती हाय." एवढेच. मग पुढे होऊन तिने निसटलेली मेंढी पुन्हा धरली, उताणी केली आणि तासायला बसली. मान वर न करता ती म्हणाली, "देवळाम्होरं समदी बसतील, तिथं सांग."

तिने त्याला 'दादा' म्हटले नव्हते. त्याच्या ते लक्षात आले, आणि ते रास्त आहे हेही.

बैठक भरली तेव्हा आबांनी कमरेचा चाकू काढून समोर ठेवला होता. कारभाऱ्याने धुळाप्पाचे गुणगान सुरू केले. बाणाक्का बायकांच्या मागे, खांबाला टेकून उभी होती. धुळाप्पा मध्येच उठला आणि जे तिला सांगितले होते ते सगळे त्याने लोकांपुढे सांगितले. काही गाळले नाही. तो सुटकेचा श्वासही नाही.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. लोकांनी त्याला लगेच क्षमा करून टाकली. कारभारी म्हणाला, "अरं, पावसापाण्याचं दिस. हुतंय मानसाकडनं. मनाला लावून घेऊ नगंस." दुसऱ्याने मान डोलावली. तिसरा म्हणाला की एवढा मोठेपणा कुणात असतो. जणू धुळाप्पाने त्यांची मेंढरे लंगडी केली होती आणि ती माफ करणे त्यांच्या हाती होते. ज्या माणसाने बाणाक्काच्या दारात थुंकले होते, तोही त्यात होता. तिच्याकडे मात्र कोणी वळून पाहिले नाही.

धुळाप्पा उभाच होता. लाजेने त्याचे कान पेटले होते. आता त्याला फक्त स्वतःचीच नव्हे, वस्तीचीही लाज वाटत होती. तो म्हणाला, "माजी माफी ऱ्हाऊ द्या. तिचा वाडा घाण हाय म्हणून तुम्ही म्हणाला हुता. ते आधी परत घ्या."

एका म्हाताऱ्या बाईने सरकून बाणाक्काला शेजारी जागा केली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्या खाली घातलेल्या माना हाच त्या दिवशीचा निकाल होता. आबांनी चाकू उचलला आणि पुन्हा आपल्या कमरेला खोचला.

परतताना गुरुशिष्य माळावरून चालले. धुळाप्पाने विचारले, "आबा, तुम्ही माजं का ऐकलं न्हाय?"

आबा थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "ऐकलं असतं तर तू हलका झाला असतास. मला तुजी माया हाय. मी म्हनलो असतो, झालं गेलं ऊठ. तू उठला असतास, रात्री निजला असतास. आन ती बाई पहाटं उठून जमीन झाडतच ऱ्हायली असती. दुखनं तिच्या वाड्यात आन औशीद माज्या वट्यावर, असं कसं चालंल? माफी द्यायचा माजा हक्कच न्हवता, लेकरा. जे आपलं न्हाय ते वाटू नये, म्हणून कान झाकलं."

"आनि एक हाय," आबा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "लाख्याला घिऊन ती माज्या दारावरनं गेली. म्या त्याचा पाय उचलून बघितला. बोटांनी काप वळखला. तवाच तिला थांबवायला पायजे हुतं. म्हनलं, धुळा पळत येईल मागनं. वाट बघत बसलो. माज्या शिष्याची परीक्षा घ्यायच्या नादात एक मुकं जनावर खाटकाकडं गेलं. शानपनाचा बी माज असतोय बघ."

"मग?" धुळाप्पाने विचारले.

"मग काय. तू तिच्याकडं गेलास त्याच्या आदल्या सांजंला मी गेलो हुतो. तुजं नाव घेतलं न्हाय. माजं तेवढं सांगितलं, की लाख्या बरा हुनार हे ठाऊक असून थांबवलं न्हाय."

"काय म्हनली?"

"काय न्हाय. बसा बी म्हनली न्हाय." आबांनी काठी उचलली आणि ते चालू लागले. त्यांची पाठ त्या दिवशी धुळाप्पाला प्रथमच वाकलेली दिसली.

चाकू त्या वर्षी कोणालाच दिला गेला नाही. धुळाप्पा रोज बाणाक्काच्या वाड्यावर जात राहिला. ती त्याला भाकरी देई, कारण कामाच्या माणसाला उपाशी ठेवायची तिची रीत नव्हती. पण बोलत नसे. तीन मेंढ्या गेल्या. बाकीच्या एकेक करून गुडघ्यांवरून उठल्या आणि चार पायांवर चरू लागल्या. दिवाळीनंतर, पाहणी होऊन, पाणवठ्याची वाट तिला मोकळी झाली.

त्या सकाळी ती कळपाच्या पुढे चालत होती. वस्तीतले लोक दोन्ही बाजूंना उभे होते आणि तिने कोणाकडेही पाहिले नाही. धुळाप्पा सर्वांत मागे होता. नुकत्याच बऱ्या झालेल्या मेंढ्यांपैकी एक चढावर अडखळली, दोन पावले गेली आणि बसली.

बाणाक्काने मागे न वळताच विचारले, "ती ऱ्हायली का मागं?"

इतक्या दिवसांत ती त्याच्याशी प्रथमच बोलत होती.

"व्हय."

"मग बघत काय उभा ऱ्हायलास. उचल तिला."

धुळाप्पाने मेंढी उचलली. ती चांगलीच जड होती. चढ लांब होता आणि लोक बघत होते. अर्ध्या वाटेवर त्याचे हात भरून आले, पण त्याने ती खाली ठेवली नाही, आणि पुढून कोणी ठेव असे म्हटलेही नाही.

ज्याचे नुकसान केले त्याचे दार टाळून आपण दुसऱ्याच कोणापुढे मन मोकळे करतो, तेव्हा आपल्याला मिळते ती क्षमा नसते. तो फक्त सुटकेचा श्वास असतो.